गर्ट्रूड इलियन आणि एका आईचा प्रश्न

मी मराठी शिकवते. पीएच.डी.साठी मराठी चरित्रवाङ्मयाचा अभ्यास केला. रसायनशास्त्राशी असलेला माझा संबंध बारावीतच संपला. असे असताना एका अमेरिकन जीवरसायनतज्ज्ञ स्त्रीवर मी या वार्षिकात का लिहिते आहे, हे आधी सांगायला हवे.

सुमारे पंधरा-सोळा वर्षांपूर्वी माझ्या धाकट्या भावाच्या मुलाला रक्ताचा कर्करोग झाला. तेव्हा तो सहा वर्षांचा होता. डॉक्टरांच्या भाषेत त्या आजाराचे नाव अॅक्यूट लिम्फोब्लास्टिक ल्युकेमिया. सुरुवातीचे कठीण उपचार मुंबईला, परळला झाले. काही महिन्यांनी तो देवासला घरी आला, डोक्यावर केस पुन्हा उगवू लागले, शाळा सुरू झाली. मात्र रोज रात्री एक गोळी आणि आठवड्यातून एक दिवस दुसऱ्या काही गोळ्या, हा क्रम अजून दीड-दोन वर्षे चालायचा होता. रोजच्या गोळीचे नाव मरकॅप्टोप्युरिन. डबीतला कागद इंग्रजीत होता, दवाखान्यातले बोलणे हिंदीत होते, आणि माझ्या भावजयीचा प्रश्न मराठीत होता.

“ताई, पोर आता ठणठणीत आहे. रिपोर्टही चांगले आलेत. मग ही गोळी कशासाठी? हिच्यामुळे त्याला अन्न जात नाही. चार दिवस नाही दिली तर काय बिघडेल?”

मी म्हणाले, “अगं, डॉक्टर सांगतात तसं कर.”

माझे म्हणणे चुकीचे नव्हते, पण ते तिच्या प्रश्नाचे उत्तर नव्हते. पुढे बऱ्याच दिवसांनी तिने मला सांगितले की त्या काळात मधूनमधून काही रात्री तिने गोळी दिलीच नव्हती. सुदैवाने मुलाचे काही वाईट झाले नाही. आज तो बावीस वर्षांचा आहे. पण ही गोष्ट सुदैवावर सोडण्यासारखी नव्हती. गोळ्या चुकत गेल्या तर हा आजार उलटण्याचा धोका वाढतो, हे आता चांगले ठाऊक झाले आहे.

त्या प्रसंगानंतर मी त्या गोळीविषयी वाचू लागले. वाचता वाचता गोळी घडवणाऱ्या बाईंपर्यंत पोहोचले. आणि एक गोष्ट ध्यानात आली. कित्येक औषधे आधी सापडतात आणि ती का लागू पडतात हे मागाहून कळते. या औषधाच्या बाबतीत आधी एक विचार होता आणि त्या विचारातून औषध घडले. म्हणून त्याचे काम कसे चालते हे शाळेत गेलेल्या कोणत्याही माणसाला समजावून सांगता येते. मी ते सांगितले नव्हते. हा लेख म्हणजे ते राहिलेले उत्तर आहे.

बंद दरवाजे

गर्ट्रूड इलियन यांचा जन्म २३ जानेवारी १९१८ रोजी न्यूयॉर्क शहरात झाला. आईवडील दोघेही लहान वयात पूर्व युरोपातून अमेरिकेत आलेले. वडील दंतवैद्य होते. १९२९ मध्ये शेअरबाजार कोसळला आणि त्यांची पुंजी गेली. गर्ट्रूड पंधरा वर्षांच्या असताना त्यांचे लाडके आजोबा पोटाच्या कर्करोगाने वारले. त्यांचे शेवटचे दिवस त्यांनी जवळून पाहिले. त्याच सुमारास महाविद्यालयात कोणता विषय घ्यायचा हे ठरवायचे होते. त्यांनी रसायनशास्त्र घेतले. घरची स्थिती अशी होती की हंटर कॉलेज या मुलींच्या महाविद्यालयात फी नव्हती म्हणूनच शिकता आले.

१९३७ मध्ये, वयाच्या एकोणिसाव्या वर्षी, त्या उत्तम गुणांनी पदवीधर झाल्या. पुढे शिकायला शिष्यवृत्ती हवी होती. अनेक विद्यापीठांकडे अर्ज केले, एकानेही शिष्यवृत्ती दिली नाही. मंदीचे दिवस होते, आणि प्रयोगशाळांत जी थोडी कामे होती ती मुलींसाठी नव्हती. एका मुलाखतीत तर त्यांना सांगण्यात आले की तुमची पात्रता आहे, पण प्रयोगशाळेत बाई आली तर इतरांचे लक्ष विचलित होईल. मग काही आठवडे त्यांनी टंकलेखन आणि कचेरीतल्या कामाचे शिक्षण घेतले. परिचारिकांच्या शाळेत तीन महिने जीवरसायन शिकवले. एका रसायनतज्ज्ञाच्या प्रयोगशाळेत आरंभी बिनपगारी काम केले. पैसे साठवून १९३९ मध्ये न्यूयॉर्क विद्यापीठात पदव्युत्तर वर्गात नाव घातले. रसायनशास्त्राच्या त्या वर्गात त्या एकट्याच स्त्री होत्या. दिवसा शाळेत बदली शिक्षिका, रात्री आणि सुटीच्या दिवशी प्रयोग, असे करत १९४१ मध्ये एम.एस्सी. झाल्या.

त्याच वर्षी, ज्याच्याशी त्यांचे लग्न ठरले होते तो तरुण हृदयाच्या जंतुसंसर्गाने दगावला. पेनिसिलिन सर्वांच्या हाती यायला आणखी थोडीच वर्षे होती. ते असते तर कदाचित तो वाचला असता. इलियन यांनी पुढे लग्न केले नाही.

युद्धामुळे पुरुष सैन्यात गेले आणि प्रयोगशाळांचे दरवाजे किलकिले झाले. इलियन यांना नोकरी मिळाली ती खाद्यपदार्थांच्या तपासणीची: लोणच्याची आंबटता मोजायची, मेयोनीजमध्ये जाणाऱ्या अंड्याच्या बलकाचा रंग पाहायचा. शिकण्यासारखे संपले तेव्हा त्यांनी ती नोकरी सोडली.

चरित्रवाङ्मयाची अभ्यासक म्हणून मला इथे थोडे थांबावेसे वाटते. आपल्याकडच्या शास्त्रज्ञांच्या चरित्रांत अशा वर्षांना सहसा ‘खडतर तपश्चर्या’ म्हणतात आणि पुढच्या परिच्छेदात यश आणतात. इलियन यांची ही सात वर्षे तपश्चर्या नव्हती. ती निव्वळ अडवणूक होती. दारे मोकळी असती तर त्या काही वर्षे आधी कामाला लागल्या असत्या, एवढाच तिचा अर्थ.

टकाहोची प्रयोगशाळा

१९४४ मध्ये न्यूयॉर्कजवळच्या टकाहो या गावी बरोज वेलकम या औषध कंपनीच्या प्रयोगशाळेत जॉर्ज हिचिंग्ज यांच्या साहाय्यक म्हणून त्या रुजू झाल्या. पुढची सुमारे चार दशके, १९८३ मध्ये निवृत्त होईपर्यंत, त्या याच कंपनीत राहिल्या. हिचिंग्ज यांनी साहाय्यकाला साहाय्यक म्हणून ठेवले नाही. इलियन मूळच्या सेंद्रिय रसायनाच्या. पण आपण बनवलेला पदार्थ पेशीत जाऊन काय करतो हे पाहायचे तर जीवरसायन शिकायला हवे, शरीरात काय करतो हे पाहायचे तर औषधशास्त्र शिकायला हवे, असे करत त्या एका शास्त्रातून दुसऱ्यात गेल्या आणि त्यांना कोणी अडवले नाही. शोधनिबंध त्या स्वतः लिहीत आणि त्यांवर त्यांचे नाव येई.

त्या काळात औषधे शोधण्याची रीत बहुधा ‘करून पाहा’ अशी होती. शेकडो पदार्थ घ्यायचे, जंतूंवर किंवा उंदरांवर वापरायचे, काही लागू पडते का पाहायचे. हिचिंग्ज यांना दुसरी वाट हवी होती. तिचा धागा सल्फा औषधांत होता. ही औषधे जंतूंना का मारतात याचा उलगडा १९४० मध्ये झाला होता. जंतूला जगण्यासाठी जो एक पदार्थ लागतो, त्याच्यासारखाच सल्फाचा रेणू दिसतो; जंतू फसतो, खऱ्याच्या जागी खोटा घेतो आणि त्याची वाढ थांबते. हिचिंग्ज यांनी विचार केला की ही फसवणूक मुद्दाम, ठरवून करता आली तर?

कोणतीही पेशी दुभागताना आपल्या आनुवंशिक द्रव्याची, म्हणजे डीएनएची, नवी प्रत काढते. त्यासाठी तिला चार प्रकारचे घटक लागतात. त्यांतल्या दोघांना, अॅडेनिन आणि ग्वानिन यांना, प्युरिन म्हणतात. कर्करोगाच्या पेशी भराभर दुभागतात, म्हणजे त्यांना हे घटकही भराभर लागतात. तेव्हा प्युरिनसारखे दिसणारे पण प्युरिनचे काम न करणारे रेणू बनवायचे, हा बेत ठरला. प्युरिनांचा भाग इलियन यांच्याकडे आला.

डीएनएची दुहेरी सर्पिल रचना जगाला कळली १९५३ मध्ये. आनुवंशिकता डीएनएत असते याचा भक्कम पुरावा एव्हरी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दिला तो १९४४ मध्येच, म्हणजे इलियन रुजू झाल्या त्याच वर्षी. याचा अर्थ असा की इलियन यांनी काम सुरू केले तेव्हा अक्षरे माहीत होती, पण त्यांनी शब्द कसा बनतो हे कोणालाच ठाऊक नव्हते.

तपासायचे साधन साधे होते. लॅक्टोबॅसिलस केसी नावाचा, दूध आंबवणाऱ्यांच्या कुळातला जंतू. त्याला वाढायला फॉलिक अॅसिड तरी लागते, किंवा त्याऐवजी प्युरिन आणि थायमिन. इलियन नवा रेणू बनवीत, तो या जंतूच्या खाद्यात घालीत, आणि त्याची वाढ खुंटते का, खुंटली तर खरे प्युरिन घातल्यावर पुन्हा सुरू होते का, हे पाहत. यातून त्या रेणूने नेमकी कोणती पायरी अडवली हे कळे. १९५१ पर्यंत असे शंभराहून अधिक रेणू त्यांनी आणि सहकाऱ्यांनी बनवून तपासले होते.

खोटा खिळा

हे औषध काय करते ते सांगण्यासाठी मी छापखान्याचा आधार घेते. लहानपणी वडिलांबरोबर मी इंदूरच्या एका छापखान्यात जात असे. जुळारी समोरच्या पेटीतून शिशाचे खिळे उचलून ओळ जुळवायचा. तो खिळ्याकडे पाहतही नसे. कोणत्या घरात कोणते अक्षर आहे हे त्याच्या बोटांना पाठ असे. बोटांना जाडी आणि उंची बरोबर लागली की खिळा ओळीत बसे.

पेशीतली विकरे, म्हणजे ही सगळी रासायनिक कामे करणारी प्रथिने, त्या जुळाऱ्यासारखी असतात. त्यांना घटकाचा आकार हाताला लागतो. हायपोझँथिन नावाचे एक नैसर्गिक प्युरिन आहे. त्यापासून पेशी पुढे अॅडेनिन आणि ग्वानिन असलेले घटक तयार करते. त्याच्या रेणूत एका ठरावीक जागी, सहाव्या क्रमांकाच्या कार्बनवर, ऑक्सिजनचा अणू असतो. इलियन यांनी तो काढून तिथे गंधकाचा अणू बसवला. मूलद्रव्यांच्या आवर्तसारणीत गंधक ऑक्सिजनच्या बरोबर खाली बसतो. दोघांचा स्वभाव पुष्कळसा सारखा, पण गंधक जरा मोठा. बाकी सारा रेणू तोच. हेच मरकॅप्टोप्युरिन. ‘सहाव्या जागी गंधक असलेले प्युरिन’ एवढाच त्या बोजड नावाचा अर्थ.

आता छापखान्यात काय घडते ते पाहा. हा खोटा खिळा पेटीत जाऊन पडतो. पेटी भरलेली दिसते, म्हणून ओतशाळेकडे नव्या खिळ्यांची मागणीच जात नाही: पेशी स्वतः नवे प्युरिन बनवण्याचे काम कमी करते. दुसरीकडे, काही खोटे खिळे ओळीतही जाऊन बसतात. म्हणजे औषधापासून शरीरात तयार झालेले गंधकयुक्त ग्वानिन डीएनएच्या नव्या प्रतीत गुंफले जाते. त्या वेळी काही बिघडत नाही. पुढच्या वेळी त्या प्रतीवरून प्रत काढताना मात्र त्याच्यासमोर चुकीचे अक्षर बसते. पेशीतला मुद्रितशोधक ती चूक पकडतो आणि दुरुस्त करायला जातो. पण मूळ खिळाच खोटा, म्हणून दुरुस्तीनंतर पुन्हा तीच चूक. दुरुस्ती, चूक, दुरुस्ती, चूक. शेवटी पेशी हरते आणि मरते.

हा सगळा तपशील १९५१ मध्ये कळलेला नव्हता. मुद्रितशोधकाची गोष्ट तर पुष्कळ नंतर उलगडली. पण खोटा घटक देऊन प्रत काढण्याचे काम अडवायचे, हा मूळ विचार पहिल्या दिवसापासून तोच होता आणि तो खरा ठरला.

यातूनच दोन गोष्टी आपोआप समजतात. एक, औषधाचा त्रास का होतो. निरोगी शरीरातही काही पेशी सतत दुभागत असतात, विशेषतः अस्थिमज्जेत, जिथे रक्त तयार होते. खोटा खिळा त्यांनाही मिळतो. म्हणून दर थोड्या दिवसांनी रक्त तपासून गोळीचे प्रमाण कमीजास्त करतात. दोन, गोळी इतका काळ का घ्यावी लागते. पेशी प्रत काढत असते तेव्हाच ती फसते. स्वस्थ बसलेल्या पेशीला हे औषध फारसे काही करत नाही. पहिल्या उपचारांनंतर रक्ताच्या तपासणीत रोग दिसेनासा होतो, तरी काही पेशी दडून राहिलेल्या असू शकतात. त्यांतली कोणती कोणत्या रात्री जागी होऊन दुभागायला लागेल हे कोणी सांगू शकत नाही. म्हणून रोज.

माझ्या भावजयीचा प्रश्न होता: पोर बरे दिसते, मग गोळी कशाला? त्याचे उत्तर या एका ‘म्हणून’मध्ये होते.

१९५३ आणि त्यानंतर

मरकॅप्टोप्युरिनची रुग्णांवरची पहिली चाचणी न्यूयॉर्कच्या स्लोन केटरिंग संस्थेत जोसेफ बर्चेनल यांनी केली. त्या वेळी तीव्र ल्युकेमिया झालेली निम्मी मुले तीन-चार महिन्यांच्या आत जात. वर्षभर जगणारी मुले शंभरांत तीसच्या आसपास. या औषधाने कित्येक मुलांचा रोग दिसेनासा झाला. चाचणी सुरू होऊन दहा महिने उलटतात न उलटतात तोच, १९५३ च्या अखेरीस, अमेरिकेच्या औषध प्रशासनाने त्याला मान्यता दिली. इलियन तेव्हा पस्तिशीच्या होत्या.

पण रोग उलटत असे. मुले बरी होत, घरी जात, खेळू लागत आणि काही महिन्यांनी पुन्हा आजारी पडत. जगण्याचा काळ वाढून वर्षाच्या आसपास गेला, एवढेच. बरे झालेले मूल पुन्हा हातचे जाताना पाहणे किती जड होते, हे इलियन यांनी पुढे मोकळेपणाने सांगितले आहे. यशाच्या याच टप्प्यावर त्यांच्या पुढच्या कामाची दिशा ठरली: औषध शरीरात गेल्यावर त्याचे काय होते, ते कुठे मोडते, पेशी त्याला का दाद देईनाशा होतात, हे खणून काढायचे.

उलटणाऱ्या रोगावर तोड निघाली ती औषधे एकत्र देण्यात. १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला अमेरिकेच्या राष्ट्रीय कर्करोग संस्थेत एमिल फ्राय आणि एमिल फ्रायराइख यांनी चार औषधे एकत्र वापरली. त्यांत इलियन यांचे मरकॅप्टोप्युरिन होते आणि मेथोट्रेक्सेटही होते. या दुसऱ्या नावाशी आपला जवळचा संबंध आहे. आंध्रातल्या भीमावरमला जन्मलेले यल्लाप्रगडा सुब्बाराव अमेरिकेत लेडर्ली प्रयोगशाळेत संशोधनप्रमुख होते. फॉलिक अॅसिडसारखे दिसणारे, पण त्याचे काम अडवणारे रेणू त्यांच्या गटाने तयार केले. १९४८ मध्ये बोस्टनच्या सिडनी फार्बर यांनी त्यांतल्या अमिनोप्टेरिनने ल्युकेमियाची मुले काही काळ बरी होतात हे दाखवले. मेथोट्रेक्सेट हा त्याचाच धाकटा भाऊ. सुब्बाराव त्याच वर्षी वारले.

माझ्या भाच्याच्या दोन डब्यांत ही दोन माणसे शेजारी बसली होती: रोजच्या डबीत न्यूयॉर्कच्या इलियन, आठवड्याच्या डबीत भीमावरमचे सुब्बाराव. एका रेणूने प्युरिनचे सोंग घेतलेले, दुसऱ्याने फॉलिक अॅसिडचे. आज जिथे उपचार पूर्ण होतात तिथे या आजाराची दहांतली आठ ते नऊ मुले बरी होतात. या दोन गोळ्या अजूनही त्या उपचारात आहेत.

एका रेणूची लेकुरे

मरकॅप्टोप्युरिन शरीरात कुठे मोडते याचा माग काढताना इलियन आणि हिचिंग्ज यांना झँथिन ऑक्सिडेज नावाचे विकर आडवे आले. ते औषधाची नासाडी करते. मग त्या विकराला अडवणारा रेणू शोधला: अॅलोप्युरिनॉल. हेच विकर शरीरात युरिक अॅसिडही तयार करते. त्यामुळे युरिक अॅसिड वाढून होणाऱ्या गाउट या सांधेदुखीवर अॅलोप्युरिनॉल हे महत्त्वाचे औषध ठरले. आपल्यापैकी अनेकांच्या घरात ते असेल. आणि म्हणूनच ही दोन औषधे एकाच रुग्णाला द्यायची वेळ आली तर डॉक्टर मरकॅप्टोप्युरिनचे प्रमाण पाव ते एक तृतीयांशावर आणतात.

इथे मला आणखी एका प्रश्नाचे उत्तर मिळाले. भावजयीला सांगितले होते, गोळी दुधाबरोबर देऊ नका. तिला वाटले हे पथ्य आपल्याकडच्या वैद्यांसारखे. पण त्यालाही कारण होते: गाईच्या दुधात झँथिन ऑक्सिडेज भरपूर असते. त्या काळी हा सल्ला सर्रास दिला जाई. आता अनेक ठिकाणी तो सैल झाला आहे, आणि नियमितपणे गोळी घेण्यावर अधिक भर दिला जातो. आपल्या मुलासाठी काय योग्य, हे अर्थात आपल्या डॉक्टरांनाच विचारावे.

दुसरी शाखा अशी. संसर्ग झाला की आपल्या रक्तातल्या संरक्षक पेशीही भराभर दुभागतात. बोस्टनमध्ये रॉबर्ट श्वार्ट्झ आणि विल्यम डॅमशेक यांनी सशांवर दाखवले की मरकॅप्टोप्युरिन त्यांनाही रोखते. मग परका अवयव शरीराने नाकारू नये म्हणून याचा उपयोग होईल का? इलियन यांच्या गटाने मरकॅप्टोप्युरिनचेच थोडे बदललेले रूप, अॅझाथायोप्रिन, बनवले होते. इंग्रज शल्यचिकित्सक रॉय काल्न यांनी कुत्र्यांवर प्रयोग केले, आणि १९६२ मध्ये बोस्टनला जोसेफ मरे यांनी या औषधाच्या आधाराने, नात्यात नसलेल्या दात्याचे मूत्रपिंड रुग्णात यशस्वीपणे बसवले. पुढे विषाणूंवरच्या अॅसायक्लोव्हिरचे काम याच विभागात झाले. नागिणीवर आज ते औषध देतात. इथे फसवणूक आणखी नेमकी आहे: विषाणूने स्वतः आणलेल्या विकरानेच हे औषध जागे होते, त्यामुळे निरोगी पेशींना फारसा त्रास होत नाही.

कर्करोग, गाउट, मूत्रपिंडरोपण, नागीण: यादी पाहिली तर चार माणसांची वाटावी. कामाच्या आतून पाहिले तर एकच प्रश्न चार जागी विचारलेला दिसतो: ही पेशी काय वापरते, आणि तिला त्यासारखे दुसरे काय देता येईल?

पदवीची गोष्ट

नोकरी करता करता इलियन यांनी ब्रुकलिन पॉलिटेक्निकमध्ये रात्रीच्या वर्गांतून पीएच.डी. सुरू केली होती. कामावरून लांबचा प्रवास करून त्या वर्गाला जात. सुमारे दोन वर्षांनी त्यांना सांगण्यात आले की पुढे चालू ठेवायचे तर नोकरी सोडून पूर्णवेळ यावे लागेल. त्यांनी नोकरी सोडली नाही, पदवी सोडली. आपण ठीक केले की नाही, ही शंका त्यांना पुढे अनेक वर्षे होती. १९६९ मध्ये जॉर्ज वॉशिंग्टन विद्यापीठाने त्यांना पहिली सन्माननीय डॉक्टरेट दिली. पुढे अनेकांनी दिली, ब्रुकलिनच्या त्याच संस्थेनेही. १९८८ मध्ये, सत्तराव्या वर्षी, त्यांना हिचिंग्ज आणि ब्रिटनचे जेम्स ब्लॅक यांच्याबरोबर वैद्यकाचे नोबेल मिळाले. २१ फेब्रुवारी १९९९ रोजी नॉर्थ कॅरोलायनात त्यांचे निधन झाले.

मी पीएच.डी. आहे आणि पदवीला कमी लेखत नाही. तिच्यामुळे मला शिकवायला वर्ग मिळाला. पण पदवी नसल्यामुळे इलियन यांची एक सवय पक्की झाली असावी असे मला वाटते. त्यांना कोणत्याही एका शास्त्राचे कुंपण नव्हते, आणि म्हणूनच त्या प्रत्येक नव्या शास्त्राच्या दारात विद्यार्थी म्हणून उभ्या राहिल्या. मला माझ्या भावजयीपुढे तसे उभे राहता आले नाही. ‘हा माझा विषय नाही’ हे वाक्य पदवी देते, आणि ते फार सोयीचे असते.

आपल्या वर्गात

अशा औषधांना मराठीत ‘प्रतिचयापचयी’ म्हणता येईल. पाठ्यपुस्तकात तो शब्द चालेल. विज्ञानाच्या शिक्षकाला नेमका शब्द लागतोच. पण तो शब्द आईला गोळी द्यायला लावणार नाही. तिच्यासाठी ‘खोटा खिळा’ किंवा तसेच काही लागते, आणि ते विज्ञानाच्या माणसाकडे नसेल तर भाषेच्या माणसाने द्यायला हवे. मराठी विज्ञान परिषदेसारख्या संस्था १९६६ पासून हे काम करत आहेत. महाराष्ट्राबाहेरच्या आपल्यासारख्यांना ते अधिक निकडीचे आहे, कारण आपल्या घरातले प्रश्न मराठीत असतात आणि उत्तरे दुसऱ्या भाषांत येतात.

गेली काही वर्षे मी पदवीच्या दुसऱ्या वर्षाला एक गृहपाठ देते. घरात जे औषध चालू असेल त्याच्या डबीतला कागद घ्या, आणि ते औषध शरीरात काय करते हे आपल्या आजीला कळेल असे एका पानात लिहा. पान मला देण्याआधी ते विज्ञानशाखेच्या शिक्षकांकडून किंवा औषधविक्रेत्याकडून तपासून घ्या. पहिल्या वर्षी निम्म्या मुलांनी इंग्रजी शब्द देवनागरीत उतरवून पान भरले होते, आणि उरलेल्यांनी संस्कृत शब्दांनी. आजीला त्यातले काहीच कळले नसते. मी पाने परत केली. दुसऱ्या खेपेला एका मुलाने रक्तदाबाच्या गोळीविषयी लिहिताना बागेतल्या पाइपचा दाखला दिला. तपासणाऱ्या शिक्षकांनी त्यात एक चूक काढली, त्याने दुरुस्त केली, आणि आजीला वाचून दाखवली. आजीने विचारले, मग पाइप जुना झाला असेल तर? तो प्रश्न घेऊन तो पुन्हा शिक्षकांकडे गेला.

या लेखाचा ‘खोटा खिळा’ हा भाग छापायला देण्याआधी मी एका ओळखीच्या डॉक्टरांना दाखवला आणि मग देवासला जाऊन भावजयीला वाचून दाखवला. भाचाही शेजारी बसून ऐकत होता. तिने शेवटपर्यंत ऐकले. मग म्हणाली, “एवढंच होतं? हे तेव्हा सांगितलं असतंस ना ताई, तर एक रात्र चुकवली नसती.”